पाहणीत नको, दाखल्यावर मात्र हवं

२०११च्या जनगणनेनं बीड जिल्ह्याचं नाव एका आकड्यासाठी देशभर पोचवलं. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली. दहा वर्षांपूर्वी त्या ८९४ होत्या. सोनोग्राफीच्या यंत्रांवर काय चाललंय याची कुजबुज जिल्ह्यात होतीच. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदाही महाराष्ट्रानंच १९८८मध्ये केला होता. पण कुजबुजीला कुणी जबाबदार नसतं, आकड्याला उत्तर द्यावं लागतं. आणि हा आकडा कुठल्या पोलीस ठाण्यातून किंवा रुग्णालयातून आलेला नव्हता. दारोदार फिरणाऱ्या प्रगणकांनी एका रकान्यात मुलगा की मुलगी एवढंच नोंदवलं होतं, त्यातून तो निघाला.

समजा, त्याआधी कुणा भल्या माणसानं सुचवलं असतं की लेकरांत भेद कशाला करायचा, सगळी लेकरंच आहेत, तो रकाना काढून टाका. वाक्य ऐकायला उदात्त आहे. त्या उदात्ततेची किंमत मात्र बीडच्या मुलींनी मोजली असती, आणि ती मोजली गेली हेसुद्धा कुणाला कळलं नसतं.

अमेरिकेत २०२५मध्ये असाच एक रकाना काढायचं ठरलं. तिथे १९७०च्या दशकापासून सरकार एक पाहणी करतं. वर्षाला साधारण दीड लाख घरांतल्या दोन लाख चाळीस हजार माणसांना विचारलं जातं: गेल्या सहा महिन्यांत तुमच्यावर हल्ला झाला का, घरात चोरी झाली का, तुम्ही पोलिसांकडे गेलात का आणि नसाल गेलात तर का नाही. पोलिसांपर्यंत पोचलेले गुन्हे पोलिसांच्या वहीत असतातच. न पोचलेले मोजण्यासाठी ही पाहणी. ती सांगते की तिथले निम्म्याहून जास्त हिंसक गुन्हे पोलिसांना कळतच नाहीत. २०१६च्या मध्यापासून या पाहणीत सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला आणखी दोन गोष्टी विचारल्या जाऊ लागल्या: जन्माच्या वेळी तुमचं लिंग काय नोंदलं होतं, आणि आज तुम्ही स्वतःला काय म्हणवता. २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांची उत्तरं एकत्र करून अभ्यासकांनी २०२१मध्ये निष्कर्ष मांडला. तृतीयपंथी, म्हणजे तिकडे ज्यांना ट्रान्स म्हणतात, अशा व्यक्तींबाबत हिंसेचं प्रमाण हजारी ८६ होतं आणि इतरांबाबत हजारी २२. जवळजवळ चौपट.

२० जानेवारी २०२५ला नव्या राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला की सरकार दोनच लिंगं मानेल. त्याला धरून न्याय विभागानं लिंगओळखीचे प्रश्न गुन्ह्यांच्या पाहणीतून वगळायला घेतले. चौपट हा आकडा खोटा ठरला म्हणून हे झालं नाही. तो पुन्हा निघू नये एवढी सोय झाली.

पण मला जास्त बोलकी वाटते ती त्याच आदेशातली दुसरी तरतूद. पासपोर्टवर माणसाचं जन्मावेळचं लिंगच छापलं जाईल, असं त्यात आहे, आणि ६ नोव्हेंबर २०२५ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं खटला चालू असेपर्यंत त्याची अंमलबजावणी करायला मोकळीक दिली. म्हणजे जिथे नाव छापलं जात नाही, उत्तर द्यायची सक्ती नसते आणि हजारो उत्तरांत एकाचं उत्तर विरघळून जातं, तिथे सरकारला या माणसांबद्दल काही जाणून घ्यायचं नाही. आणि जिथे नाव, फोटो, क्रमांक सगळं असतं, जे विमानतळावरच्या अनोळखी अधिकाऱ्यापुढे उघडून धरावं लागतं, तिथे मात्र सरकारला या माणसाचं लिंग ठसठशीत हवं. माझा आक्षेप या उलट्या क्रमाला आहे. आणि हा उलटा क्रम आपल्याकडे कुठल्याही आदेशाशिवाय, निवांतपणे नांदतो आहे.

आपल्याकडे गुन्ह्यांची माहिती गोळा करणारी संस्था म्हणजे १९८६मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, एनसीआरबी. तिचे आकडे एफआयआरमधून येतात. एफआयआर नाही तर गुन्हा नाही. एकाच घटनेत अनेक गुन्हे असतील, तर मोजताना त्यांतला सर्वांत गंभीर तेवढाच धरला जातो. लोकांना थेट विचारणारी राष्ट्रीय पाहणी भारतात नाही. नव्वदच्या दशकात एका आंतरराष्ट्रीय पाहणीत मुंबईचा समावेश झाला होता, आणि २०१५मध्ये कॉमनवेल्थ ह्यूमन राइट्स इनिशिएटिव्ह या संस्थेनं दिल्ली आणि मुंबईतल्या घरांची अशी पाहणी केली. सरकारनं हे काम स्वतःचं मानलेलं नाही.

या कारभारात तृतीयपंथी माणूस कुठे दिसतो? एनसीआरबीच्या खुनाच्या बळींच्या तक्त्यात त्याला रकाना आहे. आत्महत्यांच्या तक्त्यात आहे. तुरुंगांच्या आकडेवारीत २०२०च्या अहवालापासून आहे, तोही दिल्ली उच्च न्यायालयात याचिका गेल्यानंतर. थोडक्यात, मेल्यावर जागा आहे आणि कोठडीत गेल्यावर जागा आहे. जिवंतपणी, रस्त्यावर, मार खाल्ल्यावर ती कुठे आहे ते शोधावं लागतं.

कायद्याकडे वळावं तर तिथे आणखी मोठं भगदाड आहे. १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या व्याख्यांमध्ये पुरुष आणि स्त्रीबरोबर तृतीयपंथी व्यक्तीचा उल्लेख आहे, ही चांगली गोष्ट. पण जुन्या दंडविधानातलं कलम ३७७ नव्या संहितेत आलंच नाही. संमतीनं ठेवलेल्या संबंधांपुरतं ते सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये मोडीत काढलं होतं, आणि ते योग्यच होतं. मात्र जबरदस्तीपुरतं ते शिल्लक होतं. त्याच्या जागी काहीच ठेवलं गेलं नाही. बलात्काराची व्याख्या पुरुषानं स्त्रीवर केलेला गुन्हा एवढीच राहिली. स्त्रीवर बलात्कार झाला तर किमान शिक्षा दहा वर्षं. तृतीयपंथी व्यक्तीच्या लैंगिक छळासाठी २०१९च्या स्वतंत्र कायद्याचं कलम १८ आहे. त्यात सहा महिने ते दोन वर्षं. आता साखळी जोडून पाहा. धड कलम नाही म्हणून तक्रारीत दम नाही. तक्रारीत दम नाही म्हणून एफआयआर नाही. एफआयआर नाही म्हणून आकडा नाही. आणि आकडा नाही म्हणून कुणीही शांतपणे म्हणू शकतं, की असे गुन्हे आपल्याकडे फारसे होत नाहीत.

रकाना गेला की काय होतं, हे महाराष्ट्रानं एका वेगळ्या विषयात पाहिलेलं आहे. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. १६ एप्रिल २०२०ला पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात जमावानं दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा जीव घेतला. एनसीआरबीनं २०१७मध्ये जमावहत्येची वेगळी माहिती गोळा केली होती. ती प्रसिद्ध झाली नाही. माहिती विश्वासार्ह नसल्यानं हे काम बंद केलं, असं पुढे सरकारनं संसदेत सांगितलं. राईनपाड्यानं हळहळणारे आणि पालघरनं संतापणारे बरेचदा वेगळ्या राजकारणाचे असतात. दोघांचंही नुकसान सारखंच झालं: ही घटना सुटी होती की लाटेचा भाग, हे दोघांनाही सिद्ध करता येत नाही. मग ज्याला सोयीचा तो मृत्यू त्यानं उचलायचा आणि दूरचित्रवाणीवर ओरडायचं. मोजणी थांबली की वाद थांबत नाहीत; ते फक्त कधीच निकाली निघत नाहीत.

आता दुसरी बाजू. तिच्याकडे तुच्छतेनं पाहता येणार नाही, कारण तिच्यामागे इतिहास उभा आहे.

मोजलं जाणं नेहमीच भल्याचं नसतं. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांविषयी होता. वायव्य प्रांतासारख्या उत्तरेकडच्या मुलखात त्यांची नावं आणि पत्ते पोलिसांच्या वहीत लिहिले जात, त्यांच्या मालमत्तेची यादी मागता येई, बायकी कपड्यात चारचौघांत दिसलं तर अटक होई. निजामाच्या राज्यात १९१९च्या सुमाराला तसाच कायदा आला, आणि आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्याचा भाग होता. तेलंगणाच्या हद्दीत तो कायदा चक्क जुलै २०२३पर्यंत जिवंत होता. मग तिथल्या उच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला. ज्या समाजाच्या आठवणीत सरकारची वही म्हणजे पोलिसांची वही असते, त्यानं दारात आलेल्या प्रगणकाला खरं का सांगावं? २०११च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात देशभरात ४,८७,८०३ माणसं नोंदली गेली, महाराष्ट्रात ४०,८९१. या आकड्यात किती भीती मिसळलेली असेल, याचा अंदाज मुंबईतला कोणताही सिग्नल देईल.

म्हणूनच पाहणी आणि नोंदवही यांत फरक करायला हवा. नोंदवही एका माणसाविषयी असते. ती त्याच्यापर्यंत परत पोचू शकते. पाहणी समूहाविषयी असते आणि चांगली पाहणी एकट्या माणसापर्यंत परत पोचूच शकत नाही, अशीच रचलेली असते. १८७१चा कायदा वाईट होता तो प्रश्न विचारला म्हणून नव्हे, तर उत्तरासमोर नाव लिहिलं आणि ती वही फौजदाराच्या हाती दिली म्हणून. आजचं आपलं चित्र काय आहे? सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४च्या नालसा निकालात सांगितलं की आपलं लिंग काय हे ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचा. गौरी सावंत आणि लक्ष्मीनारायण त्रिपाठी ही महाराष्ट्राला ओळखीची नावं त्या लढ्यात होती. त्यानंतर पाचच वर्षांत आलेल्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करून प्रमाणपत्र घ्यायला लावलं. दाखला आहे, अर्ज आहे, क्रमांक आहे. नाव न विचारता 'तुला कुणी मारलं का' असं विचारणारी सरकारी पाहणी मात्र नाही. अमेरिकेनं आदेश काढून जे केलं, ते आपण न करण्यातून केलं.

स्वतःची ओळख स्वतः सांगण्याच्या संदर्भात गिरगावातली खोताची वाडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस खोतांनी विकलेल्या तुकड्यांवर जी लाकडी घरं उभी राहिली, त्यांतली बरीच ईस्ट इंडियन कुटुंबांची. साष्टी-वसईपासून मुंबईपर्यंतचे हे मूळचे कोळी, आगरी, भंडारी वगैरे. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले आणि घरात मराठीचीच एक बोली बोलणारे. एकोणिसाव्या शतकात गोव्याहून आणि मंगळूरकडून आलेल्या ख्रिस्ती लोकांशी नोकऱ्यांसाठी चढाओढ लागली. सरकारच्या लेखी सगळे एकाच खात्यात, 'पोर्तुगीज ख्रिश्चन'. १८८७मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचं निमित्त साधून, या लोकांनी स्वतःची संघटना काढली आणि आपण ईस्ट इंडियन आहोत असं जाहीर केलं. नाव त्यांनी स्वतः निवडलं होतं. त्यामागे हिशेब होता आणि सरकारला खूश करण्याचा हेतूही होता. तरी कुणी त्यांना सिद्ध करा म्हणालं नाही. नाव रुळलं, आणि आज हा समाज आपल्या हक्कांविषयी बोलतो तो त्याच नावानं. स्वतःविषयी स्वतः सांगितलेलं सरकारनं मानलं तर राज्य कोसळतं, असा अनुभव या वाडीचा तरी नाही.

याच वाडीत पाहणीसाठी जाणाऱ्या माणसाची अडचणही नीट कळते. अरुंद गल्ली, रस्त्याकडे तोंड करून असलेले व्हरांडे, बाहेरून वर जाणारे लाकडी जिने. आजूबाजूच्या चाळींत तर सामाईक गॅलरी आणि एका खोलीत तीन पिढ्या. इथे कोण कुणाकडे आलं हे चार घरांना कळतं. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला आईवडिलांसमोर, काकूंसमोर 'तू स्वतःला काय म्हणवतोस' असं विचारलं, तर उत्तर एकच येणार, आणि ते खोटं असू शकेल. पण यावर तोडगा आपल्याच देशात वापरात आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरगुती हिंसाचाराचे प्रश्न विचारताना एका घरातल्या एकाच बाईला निवडतात, एकटीला गाठतात. आडोसा मिळाला नाही तर ते प्रश्न विचारतच नाहीत. २०१९ ते २०२१च्या फेरीत याच पद्धतीनं कळलं, की हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्के बायकांनी कुणाकडे मदत मागितली होती. उरलेल्यांचा पत्ता पोलिसांच्या कुठल्याच तक्त्यातून लागला नसता. नवऱ्याचा मार हा विषय काही कमी नाजूक नव्हता. तो विचारता आला.

दुसरी अडचण जास्त अवघड आहे. घरोघर जाणारी पाहणी घरात असलेल्यांनाच गाठते. ज्याला घरानंच बाहेर काढलं, तो गिरगावातल्या कुटुंबाच्या यादीत नसतो. तो कामाठीपुऱ्यातल्या किंवा मालवणीतल्या एखाद्या डेऱ्यात असतो, नाहीतर फलाटावर. अमेरिकेची पाहणीही बेघर आणि कैदी यांना वगळते. म्हणजे चौपट हा आकडासुद्धा छप्पर असलेल्यांचाच. इथे या समाजात काम करणाऱ्या संस्थांना बरोबर घेऊन वेगळा नमुना निवडावा लागेल.

संख्याशास्त्राचे आक्षेप राहतात. एवढ्या लहान गटाचा आकडा डळमळीत असतो, हे खरं. म्हणूनच तिथल्या अभ्यासकांनी दोन वर्षं एकत्र केली. प्रश्न चुकीचा समजला जातो, हेही खरं. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१च्या जनगणनेत लिंगओळखीचा प्रश्न असा गुंतागुंतीचा होता, की इंग्रजी कच्चं असलेल्या अनेकांनी तो उलटा समजून उत्तर दिल्याची शंका आली आणि २०२४मध्ये तिथल्या सांख्यिकी कार्यालयानं त्या आकड्यांचा अधिकृत दर्जा खाली आणला. पण त्यातून धडा निघतो तो प्रश्न सोपा करण्याचा. वजनकाटा चुकतो म्हणून दुकानदार डोळ्यांनी धान्य देऊ लागला, तर आपण त्याला प्रामाणिक म्हणणार नाही. जन्मावेळचं लिंग नोंदणं महत्त्वाचं आहे, स्त्रियांवरच्या गुन्ह्यांचा हिशेब त्याशिवाय बिघडतो, असं म्हणणाऱ्यांचंही मला पटतं. दोन प्रश्नांची पद्धत दोन्ही गोष्टी राखते. एक प्रश्न काढल्यानं दुसरा अधिक शुद्ध होत नाही.

उरतो तो खरा आक्षेप, जो सहसा उघड बोलला जात नाही: असलं काही विचारूच नये. याचं उत्तर गिरगावानं नव्वद वर्षांपूर्वी ऐकलेलं आहे. र. धों. कर्वे इथून 'समाजस्वास्थ्य' चालवत. वाचक लैंगिक शंका विचारत आणि कर्वे सरळ उत्तरं देत. १९३४मध्ये अशाच उत्तरांवरून, ज्यांत समलिंगी संबंधांचाही विषय होता, त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. लोक शंका विचारतात आणि जाणकार उत्तर देतो, यात अश्लील काय, असा त्यांचा रोख होता. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. आज त्यांच्यावर आपण नाटक आणि चित्रपट काढतो. त्यांना शिक्षा करणाऱ्यांचं म्हणणं मात्र तसंच राहिलं आहे. फक्त आता ते तक्त्यातला रकाना मिटवतं.

जातीच्या मोजणीतही आपण हेच केलं. १९३१च्या जनगणनेनंतर देशभरातल्या सर्व जातींचे आकडे प्रसिद्ध झाले नाहीत. विचारल्यानं जात वाढते, असं सांगितलं गेलं. एवढ्या दशकांत न विचारल्यानं ती घटल्याचं काही दिसलं नाही, आणि २०२७च्या जनगणनेत सरकारला पुन्हा तोच प्रश्न घ्यावा लागतो आहे.

नावानिशी मागितलेली माहितीही सरसकट वाईट नसते. आर्या पुजारी यांना पोलीस शिपाई व्हायचं होतं आणि अर्जात स्त्री, पुरुष एवढेच दोन पर्याय होते. डिसेंबर २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सरकारला तिसरा पर्याय द्यायला लावला. हक्क मागायला माणूस स्वतःहून खिडकीशी येतो, तेव्हा त्याच्यासाठी जागा हवीच. पण ती त्याच्या सांगण्यावर आणि कामापुरती. नाव जितकं ठळक, तितकं कमी विचारावं. नाव जितकं पुसट, तितकं मोकळेपणी विचारावं. सरकारं याच्या नेमकं उलट वागतात, कारण दाखल्यानं माणूस ताब्यात येतो आणि पाहणीनं सरकार प्रश्नाखाली येतं.

महाराष्ट्राला यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचं कारण नाही. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, तृतीयपंथीयांसाठी कल्याण मंडळ आहे. मुंबई शहरापुरती एक पाहणी घ्यावी. ती पोलिसांनी करू नये. तिच्यात नावं नसावीत. प्रश्न मराठी, हिंदी, उर्दूत आधी माणसांवर पारखून घ्यावेत आणि उत्तर न देण्याची मुभा ठळक असावी. स्त्रिया, पुरुष, तृतीयपंथी, सगळ्यांना तेच विचारावं: तुम्हाला कुणी मारलं का, लुटलं का, पोलिसांकडे गेलात का, त्यांनी लिहून घेतलं का. कदाचित असंही निघेल, की तृतीयपंथीयांवरचे हल्ले वाटतात तितके इथे होत नाहीत. माझी त्याला हरकत नाही. तेव्हा ते 'होत नाहीत' कुणीतरी विचारून आल्यावर म्हटलेलं असेल.